मेणबाई आणि दोन इंजेक्शनं

प्रयोगशाळेत तिला सगळे मेणबाई म्हणायचे. यकृताचा मसुराएवढा तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि कोमट पाण्यावरून ते काचपट्टीवर अलगद उचलायचे, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. शिक्षण बारावी, पण न जन्मलेल्या पिल्लांची यकृतं तिने पाहिली तितकी भल्याभल्या डॉक्टरांनीही पाहिली नसतील.

तिच्या मुलीच्या वयाच्या संशोधक बाई तीन वर्षं एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागल्या होत्या: आईच्या रक्तातली स्टेरॉइड संप्रेरकं पोटातल्या पिल्लाच्या यकृताचं काय करतात? उंदरांच्या पिल्लांचे काप मेणबाईच रंगवून द्यायची. आधी ते यकृत नुसतं रक्त बनवत असतं. दिवस भरत आले, संप्रेरकं वाढली, की ते साखर साठवू लागतं. रंगवलेल्या कापात ती गडद किरमिजी दिसे. पण ज्या माद्यांना बाहेरून भरपूर स्टेरॉइड टोचलं होतं, त्यांची पिल्लं खुरटलेली निघाली. तीही मेणबाईने याच हातांनी कापली होती.

एका सकाळी मुलाचा फोन आला. सुनेला बत्तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या होत्या.

"आई, स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं द्यायची म्हणतायत. हो म्हणू ना?"

मेणबाईला ती खुरटलेली पिल्लं आठवली. "पाच मिनिटं थांब," म्हणत ती तशीच एप्रनवर बाईंच्या खोलीत शिरली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मावशी, आपण किती दिवस टोचलं होतं?"

"आठ."

"बावीस दिवसांच्या गर्भारपणातले आठ! इथे दोनच इंजेक्शनं, तीही बाळ लवकर येईलसं दिसतंय म्हणून. त्याने फुफ्फुसं तयार होतात. नाही दिली तर श्वासाचे हाल होतील."

"आणि यकृत?"

"सगळं आम्हालाही ठाऊक नाही. जन्मल्यावर साखर उतरू शकते, ते लक्ष ठेवतील. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मावशी. फोन लावा आधी."

तिने लावला. "हो म्हण. आणि बाळाची साखर वेळेवर तपासा म्हणावं."

चौथ्या दिवशी मुलगी झाली, पावणेदोन किलोची. श्वास तिचा तिने घेतला. साखर मात्र दोन दिवस खाली-वर होत राहिली, सलाइन लागलं. मेणबाई नवजात कक्षाच्या काचेबाहेर उभी राहून नर्सला दर तासाला आकडा विचारायची. शेवटी नर्सच हसून म्हणाली, "आजी, आता आकडा चांगला आहे, तुम्ही जेवून या बघू."

तीन आठवड्यांनी बाळ घरी आलं.

"आई, त्या दिवशी फोनवर यांना पाच मिनिटं थांबायला का सांगितलंत?" सुनेने विचारलं.

"अगं, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते," मेणबाई म्हणाली. "वाटलं, आपल्याला सगळं कळतं. घाबरून नाहीच म्हणणार होते."

"पण विचारायला गेलात ना," सून म्हणाली, आणि बाळाला सासूच्या मांडीवर देऊन केस विंचरायला बसली.