पातं वाजलं नाही

सुऱ्या जमवून त्यांच्या मुठी बदलायचा मला नाद आहे. परवा एका पात्याला शिसवी मूठ बसवताना शेजारच्या गॅरेजातून जळक्या ऑइलचा वास आला आणि नव्वदच्या दशकातला जामखेडचा बाजार आठवला.

पहिला टेम्पो विकताना त्याच्या चाकावरच्या कमानीचा एक पोलादी पाटा मी ठेवून घेतला होता. त्या बाजारातल्या लोहारानं त्याची सुरी घडवली, पण पातं कडक करायला पाणी देताना ऑइल मागितलं.

"पाणी द्यायचं तर ऑइल कशाला? भाव वाढवायला?" मी ओरडलो.

"पाण्यात तडकंल," तो म्हणाला.

ऑइल आणून दिलं, तरी माझं तोंड चालूच. लाल पातं बुडालं, धूर उठला, तशी घण मारणारी त्याची बायको कडाडली, "गप बसा की शेठ! तडा गेला तर टक्‌ वाजतं. ऐकू द्या!"

भर बाजारात मला कुणी असं गप केलं नव्हतं. तो राग अजून आहे. मात्र आता घरी पाती तापवताना मीही सगळ्यांना गप करतो.

तेव्हा मी कान देऊन उभा होतो. दुसरा पाटा नव्हता. ऑइल चुरचुरलं, मग शांत झालं.

तिनं पदरानं घाम पुसला. "न्हाई वाजलं. आता भांडा."