चिंध्या नावाचं फोल्डर

चिंध्यांच्या गाठोड्याला आमच्याकडे पुरुष हात लावत नाहीत. जुनी लुगडी, फाटके परकर, गोधडीसाठी ठेवलेले तुकडे. आईने मला शिकवलं होतं की आपली म्हणून जी वस्तू असेल ती तिथे ठेवायची. तिच्या गाठोड्यात हातातले चांदीचे गोट होते. माझ्या बापाला ते शेवटपर्यंत माहीत नव्हते.

म्हणून उन्हाळ्यात मुलगी माहेरी आली आणि तिने विचारलं, "आई, याले नाव काय देऊ?" तेव्हा मी म्हटलं, "चिंध्या दे."

ती हसली. "पुस्तकांच्या फोल्डरले चिंध्या?"

"तू दे त. तुझे बाबा त्याच्यात पाहणार नाहीत."

पुस्तकं वाचायचं ते यंत्र मुलाचं जुनं. पुण्याला त्याने नवीन घेतलं आणि हे बाबांना दिलं. बाबा म्हणजे माझे मालक, नोकरीतून रिटायर झालेले. त्यांच्या लॅपटॉपमध्ये पुस्तकंच पुस्तकं, पण यंत्र टीव्हीखाली धूळ खात होतं. मुलीने लॅपटॉपमध्ये माझ्यासाठी थोड्या पुस्तकांचं ते फोल्डर केलं आणि वायर लावून यंत्रातही घातलं.

मी चौथी शिकलेली. अक्षराला अक्षर जोडत वाचते, ओठ हलतात. मी वाचायला बसले की मालक पेपरमागून म्हणायचे, "हं, निघाली बैलगाडी." मग मी पुस्तक मिटून भांड्यांकडे जायची.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथ वाचतात. बायांचे नंबर लागतात. माझा नंबर आला की मी दरवर्षी "डोळे दुखतात" म्हणून मागे सरकायची. विहारातल्या ग्रंथाची अक्षरं जिऱ्याएवढी आणि पान गच्च भरलेलं. मुलीने तोच ग्रंथ यंत्रात दिला आणि अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवलं. मी ते वाढवत गेले. अक्षर हरभऱ्याएवढं झालं आणि पानावर चारपाच ओळीच उरल्या. तेवढ्याच ओळी समोर असल्या की मला भीती वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मालक दुपारी शेलूबाजारला गेले की मी दार लोटून मोठ्याने वाचायची. यंत्रच विहारात नेऊन त्यातून वाचायचं मी ठरवलं, आणि यंदा नंबर लावणाऱ्या बाईला आपणहून सांगितलं, "मी वाचीन."

"तू?" ती म्हणाली. "पाहाय बरं!"

माझा नंबर दोन दिवसांवर होता आणि मुलगा सुट्टीत आला. यंत्र हातात घेऊन म्हणाला, "बाबा, काय गोंधळ करून ठेवला हा? आज सगळं लाइनीत लावून देतो." मग लॅपटॉप घेऊन बसला. इतिहास वेगळा, कायदा वेगळा, चरित्रं वेगळी. मी चुलीपाशी भाकरी थापत होते.

"बाबा, हे चिंध्या काय आहे?"

"मले काय माहीत? नावच सांगते ना. टाक काढून."

माझे हात पिठात होते. माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर दोघांनी उघडलं असतं, आणि मालक म्हणाले असते, वाच पाहू. मी भाकरी तव्यावर टाकली. मला वाटलं, लॅपटॉपमधलं जाईल, यंत्रातलं राहील. त्याने यंत्रही रिकामं केलं आणि नव्याने भरलं.

तो गेल्यावर मी पाहिलं. सगळी नावं सरळ रांगेत होती. मालकांच्या पुस्तकांत तो ग्रंथ होता, पण पानांचे फोटो काढलेला. अक्षर मोठं केलं की अर्धी ओळ बाहेर जायची. ती सरकवून आणेपर्यंत मागचा शब्द हरवायचा.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, ते माझ्याजवळ आहे, पण वायर लावायले मीच पाहिजे. दिवाळीत येते ना."

पांढरं लुगडं नेसून मी विहारात गेले. नाव पुकारलं तेव्हा "डोळे दुखतात" म्हणाले.

नंबर लावणारी बाई सर्वांदेखत म्हणाली, "मंग आदी हो काहून म्हणत होती वं?" दुसरीने वाचलं. भराभर वाचलं तिने.

घरी मालकांनी विचारलं, "कोणी वाचलं आज?" मी नाव सांगितलं. "ती चांगली वाचते," ते म्हणाले.

मुलाचा फोन आला. "आई, तुझ्यासाठी वेगळं फोल्डर केलं, पाहिलं काय?"

पाहिलं होतं. सर्वांत खाली, 'आई' नावाचं. त्यात लोणची, पापड आणि घरगुती औषधं होती.

"पाहिलं," मी म्हटलं.

"आवडलं ना?"

मालक शेजारीच बसले होते. मी हो म्हटलं.

यंत्र परत टीव्हीखाली गेलं. परवा मी ते पुसलं आणि चिंध्यांच्या गाठोड्यात घालून ठेवलं. ते कुठे गेलं, असं अजून कोणी विचारलेलं नाही.