फरक ऐका, फरक

समस्त नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं, की लातूरच्या आमच्या कॉलनीत आता कुठल्याही आवाजातली खोट काढणारं कुणी उरलेलं नाही. मोटारी बेसूर वाजोत, देवळातल्या घंटा एकमेकींशी भांडोत, हटकायला कुणीही येणार नाही. आमचे सर गेले.

सर म्हणजे कोण, ते एका हालचालीत सांगतो. बोलणं ऐन रंगात असताना समोरचा माणूस अचानक उजव्या हाताचं बोट वर करतो, डोळे मिटतो, मान कबुतरासारखी तिरकी करतो आणि म्हणतो, "फरक ऐका, फरक." तुम्ही मुलीच्या लग्नाचं सांगत असा नाहीतर मुतखड्याचं, बोट वर गेलं की तुमची गोष्ट संपली.

खरं सांगतो, मला हा माणूस आवडत नसे. आवडावं असं होतं काय त्यांच्यात? नांदेडच्या बाजूला एका तंत्रनिकेतनात रेडिओच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर साहाय्यक होते. प्राध्यापकसुद्धा नव्हे, साहाय्यक! पण ऐट अशी, की जगातले सगळे मनोरे यांच्याच परवानगीने उभे आहेत.

फरकाचं प्रकरण असं. शेजारच्या दोन घरांत पाण्याच्या मोटारी एकदम चालू झाल्या, की त्यांच्या घरघरीत वांव... वांव... असा संथ झोका येतो. तुम्हीही ऐकला असेल आणि शहाण्यासारखं दुर्लक्ष केलं असेल. सर मात्र रस्त्यात थांबायचे.

"हा झोका ना ह्या मोटारीचा, ना त्या मोटारीचा. दोघींच्या वेगात जेवढा फरक, तेवढा हा झोका. रेडिओत हेच चालतं. आकाशातली लहर एवढी जलद, की हाताळता येत न्हाई. मग आपल्या डब्यातली दुसरी लहर तिच्यात मिसळायची आणि दोघींमधला फरक तेवढा धरायचा."

"बरं, मग?"

"मग काय? फरक ऐका."

याच विद्येवर त्यांनी जमिनीतला धातू शोधायचं यंत्र केलं होतं. यंत्र! टबाच्या झाकणावर गुंडाळलेली तांब्याची तार, तिला नळाचा पाइप, वर साबणाचा डबा आणि कानात इअरफोन. डब्यात एक लहर, तारेच्या वेटोळ्यात दुसरी. दोन्ही लहरी कानाला न ऐकू येणाऱ्या, पण मिसळल्या की फरकाची शिटी ऐकू यायची. खाली धातू आला की वेटोळ्यातली लहर बिचकायची आणि शिटीचा सूर बदलायचा. हे हातात धरून चालणारे सर फरशी पुसायला निघाल्यासारखे दिसत.

एकदा अर्धापूरला केळीच्या बागेत त्यांच्या भाचेसुनेचं जोडवं पडलं. सरांना बोलावणं आलं. मी मजा बघायला सोबत गेलो. दुपारभर बाग पालथी घातल्यावर सापडलं काय? सोडा बाटल्यांची झाकणं, एक गंजका विळा आणि सायकलची घंटी. जोडवं संध्याकाळी मिळालं, सुनेच्याच चपलेत. परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, "इळा मात्र मी बरोबर वळखला."

ही गोष्ट मी कॉलनीत इतक्या वेळा, साभिनय, सांगितली, की सर दिसले की लोक विचारायचे, "काय सर, घंटी?"

मी कॉलनीचा अध्यक्ष. माझ्या कारकिर्दीत सिमेंटचा रस्ता झाला. कामाच्या आधी सर वही घेऊन आले. "अध्यक्षसाहेब, पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणं कुठं कुठं हायत, मापं लिहून ठेवा. रस्त्याखाली गेली तर हुडकत बसाल."

"तुमची घंटी हाय की, सर!" मी म्हणालो. सगळे हसले. सरही हसले. हा त्यांच्यातला आणखी एक दोष.

आणि झालं तेच. कॉलनीच्या टाकीतून आठवड्याला एकदा, गल्लीच्या पाळीने पाणी सुटतं. कामासाठी मागच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला होता. तो बंद असतानाच त्याच्यावर रस्ता ओतला गेला. मंगळवारी पाळी आली आणि मागच्या नऊ घरांत थेंब नाही. तिथली एक शिवणकाम करणारी मावशी रिकामी घागर घेऊन माझ्या गेटात येऊन बसली.

"सायेब, रस्ता लई गुळगुळीत झालाय. चाटून तहान भागंल का?"

मी छातीठोकपणे दोन जागा दाखवल्या. दोन्हीकडे सिमेंट फोडायचा ब्रेकर चालला, दोन्हीकडे नुसती माती. माझ्या नव्याकोऱ्या रस्त्याला माझ्यादेखत दोन भोकं! तिसरं पडलं असतं, तर त्यात अध्यक्षपदच पुरलं गेलं असतं. दुसरी पाळी तोंडावर आली, तेव्हा नाइलाजाने रविवारी सरांना बोलावलं.

भर उन्हात तीन तास ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिटी ऐकत फिरले. लोक खुर्च्या टाकून बसले होते. समालोचन अर्थात माझं. "आता सरांना सायकल लागली! आता सीट लागलं!" शेवटी सरांनी इअरफोन काढला. "नक्की सांगता येत न्हाई," म्हणाले आणि निघाले.

मावशी त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "ह्याच्यापरीस माझी शिलाई मशीन बरी. पाय मारला की कामाला लागती."

सोमवारी सकाळी सात वाजता सर माझ्या दारात. हातात यंत्र नाही. आवाज अगदी खाली.

"अध्यक्षसाहेब, झाकण तुमच्या गेटापुढच्या उतारात हाय."

तो उतार! माझं घर मागच्या गल्लीच्या तोंडाशी. उरलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून माझ्या गाडीसाठी तो ओतून घेतला होता. खाली काय होतं ते मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं.

"सळया असतील त्यात," मी म्हणालो.

"सळईचा सूर रेघेसारखा लांब जातो. हा गोल फिरतो. ताटाएवढं बिडाचं झाकण हाय. काल पहिल्याच फेरीत लागलं. खडूनं खूण केली, मग चपलेनं पुसली."

"मग तीन तास उन्हात काय करत होता तुम्ही?"

"लोकं बसले होते ना समोर," सर म्हणाले. "तुम्हीच सांगा त्यांना. आठवलं म्हणा."

बायको आतून चहा घेऊन आली. सर थांबले नाहीत.

दहा वाजता, सर्वांसमक्ष, मी कपाळावर हात मारला आणि ओरडलो, "आठवलं!" काय वठला होता तो अभिनय! उतार फुटला, झाकण निघालं, मंगळवारी मागच्या गल्लीत पाणी धो धो आलं. मावशीने माझ्या तळहातावर साखर ठेवली. मी खाल्ली.

त्यानंतर चार वर्षं मी सरांच्या त्या तीन तासांची नक्कल करत आलो. अर्धापूरपेक्षा ती कितीतरी सरस व्हायची. सर समोर असले तर तेही हसायचे. एकदा मात्र मी नकलेच्या शेवटी "आठवलं!" म्हणालो, तेव्हा त्यांचं बोट वर गेलं. डोळे मिटले, मान तिरकी झाली. मग बोट हळूच खाली आलं आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

गेल्या महिन्यात सर वारले. देवळापुढच्या मांडवात शोकसभा झाली. माइक अर्थात माझ्या हातात. मी गंभीरपणेच सुरुवात केली होती, पण सवय सुटते होय? "सरांचं यंत्र त्या दिवशी मुकं राहिलं," मी म्हणालो, "आणि शेवटी आम्हालाच आठवलं, म्हणून मागच्या गल्लीला..."

बायकांच्या रांगेत, मावशीच्या शेजारी, माझी बायको तोंडाला पदर लावून बसली होती. चार वर्षं त्या सकाळबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. पदर बाजूला झाला.

"तुम्हाला कुठं आठवलं हो? सर आले होते की दारात सांगायला!"