नुसतं बघायचं काम

आमचं गाव अहमदपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आहे. आधी कागदाचं काही काम निघालं की उस्मानाबादला जावं लागायचं आणि गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत यायचा. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि ते अंतर कमी झालं. आम्हाला फरक पडला तो तेवढाच. नवा जिल्हा झाला म्हणून पाऊस काही आला नाही. पुढची सालं कोरडीच गेली. विहिरी तळाला गेल्या, गावात टँकर यायला लागला आणि आम्ही सगळ्या बाया रोजगार हमीवर खडी फोडायला लागलो.

गावामागचा डोंगर सरकारनं तार मारून बंद केला होता. तिथं राखीव उद्यान होणार असं बोर्डावर लिहिलं होतं. उद्यान म्हणजे झोपाळे, कारंजं असं आम्हाला वाटायचं. त्यातलं काही झालं नाही. एक दिवस कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. मूळचं गवत, झुडपं, वेली काय आहेत आणि राखण केल्यावर त्यांचं काय होतं, हे त्यांना वर्षभर बघायचं होतं. हाताखाली गावातलीच, लिहिता येणारी बाई शिकाऊ म्हणून पाहिजे होती. वर्ष नीट पार पडलं तर लातूरचे साहेब येऊन बघतील आणि त्या बाईला कायम करतील, असं त्यांनी चावडीत सगळ्यांसमोर सांगितलं.

मी चौथी पास होते. माझे मालक नांदेडला गिरणीत कामाला होते, महिन्याला एकदा यायचे. घरात सासू नव्हती. सासूच्या जागी थोरली जाऊ होती, आणि आमच्या घरात काय व्हायचं ते जाऊबाईच ठरवायच्या.

"धाकले, तू जा," त्या म्हणाल्या. "खडी मी फोडते. तुझं लेकरू पण मी बघते. तू सावलीत बसून लिही."

"डोंगरावर कुठली सावली, जाऊबाई?"

"मग उन्हात बसून लिही. पण कायमची नोकरी सोडू नको. आपल्या घरात कोणाला कायम असं काहीच न्हाई."

मॅडमनी डोंगरावर जागोजागी चार-चार खुंट्या ठोकून सुतळीनं चौकटी आखल्या होत्या. चौकट म्हणजे बाजेएवढी जागा. प्रत्येक चौकटीपाशी ठरलेल्या दिवशी जायचं, आत काय काय आहे, किती आहे, हिरवं का वाळलेलं, ते लिहायचं. आतल्या कशाला हात लावायचा नाही. मॅडमनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट तीनदा सांगितली: "उपटायचं नाही."

हे ऐकायला सोपं आहे. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईला सोपं नाही. आम्ही गवताकडं बघतो ते काढायला नाहीतर कापायला. पहिले काही दिवस मी चौकटीपाशी बसले की उजवा हात आपोआप पुढं जायचा. मी तो पदरात गुंडाळून बसायची. मॅडम हसायच्या. गाजर गवत दिसलं की माझा जीव कासावीस व्हायचा.

"हे तरी काढू द्या, मॅडम. हे कोणाच्याच कामाचं न्हाई."

"नाही. ते किती वाढतंय तेच तर बघायचंय."

जाऊबाई कधीमधी भाकरी घेऊन वर यायच्या. खाली बसल्या की बोलता बोलता चिमटीत गवत धरायच्या. मी हातावर चापट मारायची.

"आगं बाई, ह्याच्यासाठी सरकार पगार देऊन राहिलं?" त्या म्हणायच्या. "कचरा मोजायला?"

मला त्या कामाची गोडी लागली. का लागली ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. घरी मी लेकराकडं बघायची तर पुसायला, चुलीकडं बघायची तर फुंकायला. एखाद्या गोष्टीचं काही करायचं नाही, ती काय करते ते फक्त बघायचं, असं काम मला कोणी कधी दिलं नव्हतं. विष्णुक्रांतेची निळी फुलं सकाळी उघडायची आणि ऊन चढलं की मिटायची. ती माझ्या पायाखाली आयुष्यभर होती. मी ती त्या साली पाहिली. कुसळी वाळली तरी उभी राहायची. मारवेलाचं गवत आधी गेलं. पवन्या नावाचं गवत वरच्या एका चौकटीत दगडाच्या कडेला होतं. ते वरून पार वाळून गेलं, पण बुडाशी बोटभर हिरवं धरून होतं. मी मॅडमना विचारलं, हे जगेल का? त्या म्हणाल्या, मलाही माहीत नाही, येत्या पावसात कळेल. एवढी शिकलेली बाई मला माहीत नाही म्हणाली आणि दोघी मिळून वाट बघू म्हणाली, याचं मला फार अप्रूप वाटलं. मला ती नोकरी पाहिजे होती. पगार पाहिजेच होता, पण तो पाऊस पडल्यावर मला त्या चौकटीपाशी असायचं होतं.

उन्हाळा लागताना साहेब येणार असल्याचा निरोप आला. कायम व्हायला चौथीचा दाखला लागणार होता. माझी शाळा माहेरी, बिलोलीकडं. मी फाटकाची किल्ली जाऊबाईंकडं दिली, लेकराला घेतलं आणि एसटीनं निघाले. मास्तर गावाला गेलेले, म्हणून एक मुक्काम जास्त पडला. दाखला घेऊन ज्या दिवशी परत आले तोच साहेबांचा दिवस. मी फाट्यावर उतरून घरी न जाता सरळ डोंगरावर गेले.

फाटकापासून वरपर्यंत पायवाट झाडलेली होती. दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना लावला होता. पहिल्या चौकटीशी आले आणि माझे पाय थांबले. आत गवताची काडी नव्हती. माती खुरपून, सारखी करून, वर पाण्याचा सडा टाकलेला होता. मधोमध रांगोळीचं कमळ. पुढच्या चौकटीत मोर. त्याच्या पुढच्या चौकटीत कुणाच्या तरी पोरीनं 'सुस्वागतम' लिहिलं होतं.

जाऊबाई आणि आमच्या आळीच्या चार-पाच बाया नव्या लुगड्यात ओळीनं उभ्या होत्या.

"बघ," जाऊबाई म्हणाल्या. "काल दिसभर लागलो होतो. सायेब येणार अन् तू असा पसारा दाखवणार होतीस का? गावाची काही इज्जत हाय का न्हाई?"

मी वरच्या चौकटीकडं पळाले. दगडाच्या कडेलाही साफ. पवन्याचं बूड गेलं होतं. एका कोपऱ्यात दुर्वांचा एक झुपका तेवढा ठेवला होता.

"ते ठिवलं," जाऊबाई मागून धापा टाकत आल्या. "देवाचं हाय म्हणून."

सड्याचं पाणी कुठलं, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. टँकरचं, घरातलं, रांजणातलं. त्या दिवशी आमच्या घरात लेकराला पाजायलाही शेजारून तांब्या आणावा लागला. मला ओरडायचं होतं. त्या पाण्यापुढं मला ओरडता आलं नाही.

मॅडम साहेबांच्या जीपमधूनच आल्या. खाली उतरल्या, पहिली चौकट बघितली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मी नाही, एवढंच. बायांकडं नजर गेली तसं त्यांना समजलं. त्या जवळच्या दगडावर बसल्या. त्या वर्षाची शेवटची नोंद त्या दिवशी व्हायची होती आणि नोंदायला काही उरलं नव्हतं.

साहेब मात्र खूश झाले. चौकटीभोवती फिरले, मोर बघून हसले. "वा. कोणाची देखरेख आहे ही?"

"हिची, सायेब," जाऊबाईंनी मला पुढं ढकललं. "माझी धाकली जाऊ हाय. चौथी पास. दाखला पण आणलाय."

"अशी माणसं पाहिजेत आपल्याला," साहेब म्हणाले. लातूरला नव्या कचेरीपुढं बाग करायची होती, तिथं कायम बाई घ्यायची होती. "येशील का?"

मॅडम उठल्या. "सर, या चौकटी खरं म्हणजे..." एवढं म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून थांबल्या. बायाही बघत होत्या. मॅडमनी ते वाक्य पुरं केलं असतं तर माझी नोकरी तिथंच गेली असती. त्यांनी पुरं केलं नाही. "...या बाई मेहनती आहेत," असं म्हणाल्या.

मी येते म्हणाले. दुसरं काय म्हणणार? जाऊबाईंनी तिथंच मला कुंकू लावलं.

जाताना मॅडम हळूच म्हणाल्या, आता हे पहिल्यापासून करावं लागेल, आणि आणखी एक वर्ष मला कोणी देणार नाही. कोणी दिलंही नाही. त्या परत आल्या नाहीत. डोंगरावर पुढं दुसरी झाडं लावली, बाहेरची, लवकर वाढणारी.

लातूरच्या बागेत मी पांढऱ्या केसांची होईपर्यंत काम केलं. काम खुरपायचं. हिरवळीत दुसरं काही उगवलं की काढायचं. ते मला चांगलं येत होतं. मुरमाच्या गाडीबरोबर कधी डोंगरातलं बी यायचं. बाकड्यामागं एकदा मी एक झुपका ठेवून दिला होता, कशाचा आहे ते कळेपर्यंत. मुकादम म्हणाला, "मावशी, डोळे गेले का?" मी काढून टाकला. नोकरी होती. त्या नोकरीवर मुलगा शिकला, नांदेडला घर झालं, मी आता तिथं असते. या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाऊस लागला की मला त्या डोंगरावर जाऊन बसावंसं वाटतं. मुलगा विचारतो, काय आहे तिथं? काही नाही, हे मलाही माहीत आहे.

जाऊबाई अजून आहेत. डोळ्यांना दिसत नाही, तोंड चालतं. गेल्या खेपेला गावी गेले तर नातसुनेला माझ्यासमोर सांगत होत्या, की हिची नोकरी माझ्या रांगोळीनं लागली. मग माझा हात चाचपून म्हणाल्या, "खोटं हाय का, धाकले?"

"न्हाई, जाऊबाई," मी म्हणाले. "खरंच हाय."

"तरी त्या दिशी तू तोंड पाडून उभी होतीस. अजून मला कळलं न्हाई, कामून."

नातसून आत जाऊन चहा घेऊन आली. मी त्यांच्या हातात कप दिला आणि आधी फुंकून प्या म्हणाले, गरम आहे.