तांबडं झाकण

तांबड्या झाकणाच्या नळीऐवजी मी जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. पेशंट टेबलावर गुंगीत, कानामागून काढलेली कूर्चा बारीक चिरून तयार, आणि ती नाकावर धरून ठेवणारी साय काही धरेना.

साय हा सिस्टरांचा शब्द. फरीदाबादच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी नवा सर्जन, त्या ऑपरेशन थिएटर सांभाळणाऱ्या, मूळच्या लातूरकडच्या. पेशंटचंच रक्त यंत्रात गरगर फिरवलं की वरच्या भागात प्लेटलेटची पिवळसर, लिबलिबीत चकती धरते. ती दाबून पातळ पदर करायचा, त्यात चिरलेली कूर्चा गुंडाळायची आणि बसलेल्या नाकाचा दांडा उभा करायचा.

यंत्र फिरत असताना सिस्टर स्टुलावर डोळे मिटून बसायच्या. "बोलू नका, साय धरतेय." तिथे असता तर तुम्हीही गप्प बसला असता. खिडकीच्या काचेतून थंडीतलं धुरकट ऊन झिरपायचं, यंत्र गुणगुणायचं, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी दूध तापवून झाकून ठेवलंय असं वाटायचं.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तांबड्या झाकणाची घ्या." दिल्लीत वाढलेल्या मला लाल ठाऊक, तांबडं नाही. आई जांभळं म्हणते, त्याचंच हे भावंड असणार, असं ठरवून मी रुबाबात "बिल्कुल" म्हणालो. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. सिस्टरांनी डोळे उघडले, नळी उजेडाकडे धरली. वर नुसतं पिवळं पाणी.

टेबलावरच्या बाई पानिपतच्या. हातमागाचा दांडा नाकावर बसला, तेव्हापासून चार वर्षं त्यांची ओढणी डोळ्यांखालीच असायची. कूर्चा मिळाली होती तेवढीच.

"क्या हुआ?" ऑपरेशन करणारे मोठे सर म्हणाले.

"सर, मेरी गलती. दुबारा ले रही हूँ," सिस्टर म्हणाल्या. रक्त त्यांनीच घेतलं, पुन्हा स्टुलावर बसून डोळे मिटले. या वेळी मीही मिटले. साय धरली.

नंतर चहा घेताना मी विचारलं, "ताई, तांबडं म्हणजे काय?" त्या इतक्या हसल्या की डोक्यावरची टोपी घसरली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "न समजता हो म्हणत जाऊ नका. नाक दुसऱ्याचं असतं."

सरांना खरं सांगायला मला आठवडा लागला.

पुढे पानिपतच्या बाई तपासणीला आल्या, तेव्हा ओढणी खांद्यावर होती. "वो दीदी कहाँ हैं?" त्यांनी विचारलं. सिस्टर निवृत्त होऊन लातूरला गेल्या होत्या. स्टूल तिथेच आहे. यंत्र सुरू झालं की अजून त्यावर कुणी बसत नाही.

परवा न राहवून फोन केला. "ताई, आज रक्त मी घेतलं. काय सुरेख साय धरली!"

पलीकडे त्यांनी डोळे मिटले असतील, असं मला वाटलं.

"वा," त्या म्हणाल्या. "आणि झाकण कुणी दाखवलं?"