शेपूट नसलेलं विमान

अण्णांना जाऊन महिना झाला. समाचाराला आलेली माणसं सतरंजीवर बसतात आणि विमानाचा विषय काढतात. माझ्या या थोरल्या भावाने शुक्रवार पेठेतल्या पोरांना जन्मभर ड्रॉइंग शिकवलं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. जाताना प्रत्येक जण एखादा नवाच किस्सा ठेवून जातो. इतके साठलेत की त्यातलं निम्मं विमान मी कधी पाहिलेलंच नाही. म्हणून डोळ्यांदेखत घडलं तेवढंच लिहितो.

वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात घरच्या घरी विमान बांधणाऱ्या एका परदेशी गृहस्थांचा लेख आला होता. तो वाचून अण्णांनी स्वतःचं डिझाइन केलं. पुढे एक पंख, मागे एक पंख, मधे जुन्या मोटरसायकलचं इंजिन. हेडमास्तरांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"शेपूट कुठे आहे, मास्तर?"

"ते वळायला लागतं," अण्णा म्हणाले. "मला सरळ जायचंय."

वहिनी करकंब गावच्या. त्यांनी एकच अट घातली. "एकदा भुईवरनं सुटलं, की मोडायचं. परत त्यात बसायचं न्हाय."

"कबूल," अण्णा म्हणाले. "वीतभर सुटलं तरी पुरे. पण सुटलं पाहिजे."

अण्णांनी त्या परदेशी गृहस्थांना पत्र लिहिलं. आपण सांगता ते लाकूड सोलापुरात मिळत नाही, वेळू चालेल का? सोबत नकाशा जोडला. तीन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: 'कृपया यात बसू नका.'

अण्णांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. "स्वतःच्या हाताने लिहिलंय त्यांनी. सही बघा."

मग परवानगी. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"उडतं का?"

"अजून नाही."

"मग परवानगी कशाची देऊ? उडाल्यावर या."

पंखांवर ताणलेल्या कापडाला परदेशात कसलंसं रोगण लावतात. ते कुठून आणायचं? शेजारचा व्यंकय्या विणकर. तो म्हणाला, "मास्तर, आम्ही सुताला चिंचोक्याची खळ लावतो. तीच चढवू." त्याने खळीचे तीन हात दिले. कापड डफासारखं वाजायला लागलं. व्यंकय्याने एकच सूचना केली. "धुवायचं नाही फक्त."

विमान गावाबाहेरच्या माळावर नेऊन उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर पुढचा पंख म्हणजे नुसता वेळूचा सांगाडा. बिरू धनगर बाजूला उभा होता, त्याची शेरडं तोंड हलवत होती.

"मास्तर, आमाला वाटलं कुणाचं धुनं वाळतंय," तो म्हणाला. मग शेरडांकडे बघून, "त्यात काय घातलं व्हतं? लई गोडीनं खाल्लं."

व्यंकय्याने पुढच्या खळीत कडुनिंबाचा रस घातला. शेरडं फिरकेनाशी झाली. इंजिन सुरू झालं की मात्र पंख्याच्या वाऱ्याने खळीची भुकटी उडायची आणि अण्णांचं तोंड संध्याकाळपर्यंत कडू राही. वहिनी जेवणात मीठ घालायला विसरल्या तरी त्यांना कळायचं नाही.

दर रविवारी विमान माळभर धावायचं. सुटलं की नाही, यावर परतताना वाद. व्यंकय्या म्हणे सुटलं, मी म्हणे नाही. अण्णांना विचारावं तर म्हणत, "आत बसलेल्याला कळत नाही. हाडं सारखीच वाजतात." एका रविवारी ते थांबलं नाही, बाभळीत घुसलं. कपाळाला चार टाके पडले. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी वहिनी माळावर आल्या.

अण्णांनी या खेपेला युक्ती काढली होती. विमानाच्या वाटेवर वीस-वीस पावलांवर चुन्याच्या आडव्या रेघा मारायच्या. चाक गेलं की रेघ तुटणार. एखादी जरी अखंड राहिली, तरी तेवढ्यापुरतं विमान हवेत होतं. वाद मिटला. सकाळी सकाळी वहिनींनी बादलीत चुना कालवला आणि कुंच्याने दहा रेघा ओढल्या. ऊन चढेपर्यंत त्या खडखडीत वाळल्या.

इंजिन लागलं. धूळ इतकी उडाली की मागून धावणाऱ्या मला आणि व्यंकय्याला काही दिसलं नाही. विमान पुन्हा बाभळीत. आम्ही दोघांनी अण्णांना काट्यांतून बाहेर काढलं. त्यांनी कपाळावरचं रक्त पुसलं नाही, तसेच रेघा बघत मागे निघाले.

दहावी तुटलेली. नववी, आठवी, तुटलेली.

सातव्या रेघेपाशी वहिनी बादली घेऊन उभ्या होत्या. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती.

"मास्तर, सुटलं," व्यंकय्या म्हणाला.

अण्णा गुडघ्यांवर बसले. रेघेवर बोट टेकवलं. बोटाला ओला चुना लागला. त्यांनी आधी बोटाकडे पाहिलं, मग वहिनींच्या बादलीकडे.

"ही तूच काढलीस ना?"

"मग काय तुमी काढली व्हय?" वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी बोट धोतराला पुसलं, उठले आणि आम्हाला म्हणाले, "चला. पंख उतरवा."