दुखनं सायबाचं, कोपर माजं

हसायचं न्हाई, असं आधी कबूल करा, मंग सांगतो. मागच्या बारीला सांगितलं तर एकजन चहा नाकातनं येईस्तवर हसला, आन वर मलाच म्हनतो, चूक तुजीच. माजी? अवो, मी काय केलं? एका मानसाचं दुखनं दुसऱ्याला नीट समजावून सांगितलं. ह्यो काय गुन्हा हाय?

इंग्रज अजून गेला नव्हता तवाची गोष्ट. नगरच्या कँपात मी एका गोऱ्या सायबाकडं हुतो. काम काय, तर सायब गोल्फ खेळायचा, त्याच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून मागं मागं हिंडायचं. कसला खेळ म्हनताय? माळावर एवढासा पांढरा चेंडू ठिवायचा, लोखंडी टोकाच्या काठीनं लांब हानायचा, आन मंग आपनच त्यो हुडकत जायाचं. सापडला की पुन्ना हानायचा. आपल्या पोरानं केलं असतं तर आईनं धपाटा घातला असता. सायबाला कोन बोलनार?

तर हानून हानून सायबाचं उजवं कोपर धरलं. आतल्या अंगानं. चहाचा कप उचलला तरी तोंड वाकडं व्हायचं. लष्करी डाक्तर म्हनला, खेळ बंद ठिवा, आपसूक बरं हुईल. सायब ऐकतोय व्हय? पुन्याचा कोन सायब त्याच्यासंगं खेळाया येनार हुता. माज्याकडं बघून म्हनला, खेळ बंद झाला तर तुजं तरी हितं काय काम?

ही नोकरी गेली तर मला दुसरी जागा एकच, सासऱ्याच्या वस्तीवर मोट हाकायची. आन माजा सासरा म्हंजी… जाऊ द्या, मेल्या मानसाला नावं ठिवू नयेत. बैल बसला तर म्होरं वैरन टाकायचा. जावई बसला तर शिव्या घालायचा.

म्हनून मी सायबाला म्हनलं, सोनईच्या अंगाला आमचा हाडवैद्य हाय, गेनूतात्या. मोडल्यालं, निखळल्यालं, धरल्यालं, समदं एका हिसक्यात बशिवतो. सायबाला आधी पटंना. कोपर ठनकाया लागलं तसं पटलं.

जीपगाडीतनं गेलो. तात्याच्या दारात निंबाखाली मानसं बसल्याली. सायब गाडीला टेकून पाईप वढत उभा. त्याला मराठी येत न्हाई, आन तात्याला मराठीबिगर काय येत न्हाई. दुभाषा मी एकटा.

तात्यानं इचारलं, "कुठं दुखतंय?"

आता आपल्यात बारक्या पोरालाबी ठावं असतं, दुसऱ्याचं दुखनं आपल्या अंगावर दावू नये. दावायचंच तर ज्याचं त्याचं अंग धरून दावावं. पन मला नकला करायची खोड! गावातला पाटील सोडला नव्हता, तर सायबाला कसा सोडीन? मी बाही वर सारली, माजंच कोपर म्होरं केलं आन बोट लावलं. म्हनलं, हितं, आतल्या अंगानं, अशी कळ मारती. आन सायबावानी तोंड वाकडं करून, डोळं मिटून असा कन्हलो, की तिथली शेळी चरायची थांबली.

तात्यानं कोपर चाचपलं. "कुऱ्हाडीचं दुखनं हाय हे. लाकडं फोडतोस व्हय?"

"मी न्हाई तात्या. दुखनं सायबाचं हाय."

"सायब लाकडं फोडतो?"

"न्हाई. काठीनं चेंडू हानतो."

तात्यानं सायबाकडं बघितलं. पिकल्या मिशा, तोंडात पाईप. "एवढा बाप्या चेंडू हानतो?"

"व्हय."

बसल्याली मानसं हसाया लागली. तात्या न्हाई हसला. माज्या दंडावरनं हात फिरवत म्हनला, "बाळा, माज्या दारात आल्याला जो त्यो गडी हेच म्हनतो, मला न्हाई, त्याला. भ्यायचं न्हाई. सायब देवमानूस, गड्याला मोटारीतनं घिऊन आला. त्याच्यावर ढकलू नगंस."

आन नुसती मान हलवली. मागनं दोन दांडग्या गड्यांनी मला आडवा केला.

कसला हिसका म्हनता! मी आईला हाक मारली, मंग आजीला, मंग सासऱ्यालाबी. सायबाला तर घसा फुटस्तवर हाका मारल्या. पन सायब बोलनार काय आन तात्याला कळनार काय? दुभाषाच खाली पडल्याला, आन त्याच्या छातीवर गुडघा.

मंग आंबेहळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, वर पट्टी. अमुशा हुईस्तवर हात गळ्यातनं काढू नगं, म्हनला. तुमी म्हनाल, मंग तवा तरी सायबाला म्होरं करायचा. अवो, त्या अंगनात मी पुन्ना तोंड उघडीन का?

पिशवी उचलाया मी न्हाई, दुसरा गडी सायबाला चालंना, आन पुन्याचा सायबबी आला न्हाई. सायब घरी बसला. बसला तसं कोपर बरं झालं. डाक्तर तेच तर सांगत हुता! पन सायबानं अर्थ काय काढला? गड्याचं कोपर वढलं की मालकाचं बरं हुतं. हिंदुस्तानची जुनी इद्या! साऱ्या कँपात सांगत सुटला. आन मला त्याचा लोकरीचा कोट दिला.

मी खरं सांगनारच हुतो. पन कोट लई उबदार हुता. म्हनलं, व्हय सायब, जुनी इद्या हाय, समद्यांना सोसत न्हाई.

हात गळ्यातनं निघाला त्याच दिशी बंगल्यावरनं बोलावनं आलं. आत मडम पलंगावर कन्हत पडल्याली. सायब लई मायेनं म्हनला, मेमसायबची कंबर धरलीय. गाडी तयार हाय. जा, तुजी कंबर वढून आन.

तात्या कंबर कशी बशिवतो ठावं हाय? मानूस पालथा पाडतो आन वर उभा ऱ्हातो. आन तात्या काय हडकुळा नव्हता.

आता सांगा, मी करायचं काय? इद्या खोटी म्हनावं तर नोकरी जाती. खरी म्हनावं तर कंबर जाती. तात्याला द्यायला म्हनून सायबानं माज्या हातात बिस्कुटाचा डबा दिला, पाठीवर थाप मारली. मी सलाम ठोकला, मागच्या दारानं बाहेर पडलो आन गाडीत न बसता चालत सुटलो, ते थेट सासऱ्याच्या वस्तीवर.

सासऱ्यानं माज्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. म्हनला, "लगीन झाल्यापासनं जावई पयल्यांदा कायतरी घिऊन आला."

डबा घरात ठिवला, आन मला मोटंवर धाडला.